हीटर बंद असलेला ऑक्सिजन सेन्सर, धोक्याचे माहितीपत्रक आणि नाकारलेली परतफेड

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष ऑक्सिजन सेन्सरची पूर्ण रक्कम परत मिळणे व माहितीपत्रक मागे घेणे

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) आधीचा, चार वायरींचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) मागवला होता. किंमत ₹२,४५०. तो सदोष निघाला. ‘गाडीत बसवलेला इलेक्ट्रिकल भाग परत घेतला जात नाही’ एवढे एका ओळीचे उत्तर देऊन आपण तक्रार बंद केलीत. ती पुन्हा उघडावी, कारण सेन्सर बसवण्याआधीच बंद होता आणि तो बसवायला आपल्याच प्रतिनिधीने सांगितले.

गाडीत पी०१३५ हा बिघाडाचा कोड होता, म्हणजे पहिल्या सेन्सरच्या हीटर (सेन्सरला आतून तापवणारी तार) सर्किटमध्ये बिघाड. फ्यूज उडाला किंवा वायर तुटली तरी हाच कोड येतो, म्हणून आधी वायरिंग तपासले. फ्यूज शाबूत होता. इंजिन चालू असताना गाडीकडच्या सॉकेटमध्ये हीटरच्या सप्लाय पिनवर १३.८ व्होल्ट मिळाले. हीटरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प जोडल्यावर तो पेटला, म्हणजे ईसीयूकडून (इंजिनच्या संगणकाकडून) अर्थिंगही येत होते. जुन्या सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये मात्र मल्टिमीटर ‘ओएल’ दाखवत होता, म्हणजे आतली तार तुटलेली. दोष जुन्या सेन्सरच्या हीटरमध्येच होता, याबद्दल शंका उरत नाही.

आपला सेन्सर खोक्यातून काढताच तीच मोजणी केली. थंड असताना हीटरचा रेझिस्टन्स साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान असायला हवा. इथेही ‘ओएल’. मल्टिमीटरचे आकडे आणि सेन्सरवरचा क्रमांक एकाच चौकटीत दिसतील असा फोटो त्याच दिवशी आपल्याला पाठवला आहे. शिवाय संकेतस्थळावर ‘सॉकेटसह, थेट बसणारा’ असे वर्णन असताना प्रत्यक्षात चार सुट्या वायरी आल्या.

त्यावर आपल्या प्रतिनिधीचे उत्तर : ‘हीटर गरम झाल्यावरच रीडिंग येते, बसवून ५० किमी चालवा.’ हे तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. सेन्सरचा सिग्नल (०.१ ते ०.९ व्होल्ट) तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर येतो, ही गोष्ट खरी. पण हीटर म्हणजे साधी रेझिस्टन्सची तार. तिचा रेझिस्टन्स थंडपणीच सर्वांत कमी असतो. थंडपणी जी तार तुटलेली आहे, ती गरम होणार कशी?

तरीही सांगितल्याप्रमाणे केले. बॅटरीची निगेटिव्ह काढून, २२ मिमीच्या खाचेच्या सॉकेट पान्याने जुना सेन्सर उतरवला, त्याचा सॉकेट कापून नव्या वायरींना क्रिम्प केला (धातूच्या नळीत दाबून जोडला), आटे स्वच्छ करून नवा सेन्सर सुमारे ४० न्यूटन-मीटरला आवळला आणि कोड पुसला. दुसऱ्या थंड स्टार्टला पी०१३५ परत आला. हीटर नसेल तर सेन्सर केवळ एक्झॉस्टच्या उष्णतेवर सावकाश तापतो. तोवर ईसीयू त्याचे ऐकत नाही, इंधन जास्त सोडतो आणि त्याचा भार कन्व्हर्टरवर पडतो. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट आहे.

रकमेपेक्षाही गंभीर बाब खोक्यातल्या माहितीपत्रकाची आहे. त्यात वायरी सोल्डर करायला सांगितले आहे. अशा बहुतेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच आत जाते. सोल्डर आणि फ्लक्स त्या फटी बुजवतात आणि चांगला सेन्सरही चुकीचे रीडिंग देऊ लागतो. म्हणून जोड क्रिम्पचाच हवा. त्याच पत्रकात गळती थांबवण्यासाठी आट्यांना साधे सिलिकॉन सीलंट लावायचा सल्ला आहे. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते आणि तो कायमचा निकामी होतो. आट्यांना उच्च तापमानाची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लागते, तीही टोकाला न लागू देता. हे पत्रक वाचून आणखी किती जणांनी चांगले सेन्सर घालवले असतील, याचा विचार आपण करावा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेणे व पैसे देणे नाकारता येत नाही. इथे दोन्ही कारणे लागू आहेत. ‘बसवलेला भाग’ ही आपली अट या नियमापुढे टिकत नाही. याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.

तरी ₹२,४५० परत करावेत आणि सेन्सर आपल्या खर्चाने उचलून न्यावा. बदली सेन्सर नको. त्याच बॅचचे उरलेले सेन्सर पाठवण्यापूर्वी दोन पांढऱ्या वायरींमध्ये मल्टिमीटर लावून पाहावा, दहा सेकंदांचे काम आहे. संकेतस्थळावरचे ‘सॉकेटसह’ हे शब्द काढावेत. माहितीपत्रक मागे घेऊन, हा सेन्सर घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला सोल्डर व सिलिकॉनबद्दल लेखी कळवावे.

महिन्याभरात निवारण न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली जाईल.

सोबत : बिल, बसवण्यापूर्वीचे मोजणीचे फोटो, कोड परत आल्याचा स्कॅनरचा फोटो, माहितीपत्रकाची प्रत, प्रतिनिधीशी झालेले चॅट.

कळावे,
आपला ग्राहक