गणित येतं, 'ॲट लीस्ट' अडवतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हायस्कूल डिप्लोमासाठी, म्हणजे शाळा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, रीजेंट्स परीक्षा (गणित, इंग्रजी, इतिहास अशा विषयांच्या, आपल्या बोर्डासारख्या राज्यस्तरीय परीक्षा) उत्तीर्ण होण्याची अट न्यूयॉर्क राज्य २०२७-२८ पासून काढणार आहे. 'आता दर्जा घसरणार', 'आपण नाही का बोर्डाच्या परीक्षा दिल्या?' असं इथल्या मराठी मंडळींकडून वारंवार ऐकते. मी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. बांगलादेश, नेपाळ, येमेन, एक्वाडोर इथून नुकतीच आलेली मुलं माझ्या वर्गात असतात. त्यांच्या बाजूने चार शब्द लिहावेसे वाटले.

नेपाळहून सोळाव्या वर्षी आलेला एक मुलगा. सराव परीक्षेतल्या उदाहरणात 'ॲट लीस्ट ४०' असं होतं, म्हणजे ४० किंवा त्याहून जास्त. 'लीस्ट' म्हणजे सर्वांत कमी एवढं त्याला ठाऊक, म्हणून त्याने ≥ च्या जागी ≤ असं उलटं चिन्ह घातलं. पुढची रीत बरोबर, आकडेमोड स्वच्छ, उत्तर चूक. तीच अट मी फळ्यावर चिन्हांत मांडली, तर त्याने मिनिटभरात उदाहरण सोडवलं. परीक्षेत त्याला शब्दकोश वापरता येतो, पण फक्त शब्दाला शब्द देणारा. अर्थ समजावून सांगणारा चालत नाही. त्यात 'ॲट' सापडतं, 'लीस्ट' सापडतं. दोन्ही मिळून काय होतं, ते सापडत नाही.

सवलती आहेत, नाही असं नाही. दीडपट वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर साडेचार तास. शेवटच्या तासाला मुलं पानं नुसती उलटत बसलेली मी पाहिली आहेत. गणिताची प्रश्नपत्रिका स्पॅनिश, चिनी अशा मोजक्या भाषांत मिळते. बाकीच्यांना दुभाषा लागतो आणि तो दरवेळी मिळतोच असं नाही. शिवाय एक्वाडोरच्या डोंगराळ भागातल्या काही मुलांची घरची भाषा किचवा. त्यांच्या हाती स्पॅनिश पेपर दिला की आपलं काम झालं असं समजतात, आणि ती पोरं पुन्हा परक्याच भाषेत पेपर सोडवतात.

इंग्रजी बोलायला वर्ष-दोन वर्षांत जमतं; इतिहासाचे उतारे वाचून निबंध लिहिण्याइतकी इंग्रजी यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं भाषा-अभ्यासक सांगतात. नेपाळच्या या मुलाकडे तीन वर्षं आहेत आणि संध्याकाळी हॉटेलात भांडी घासण्याचं काम आहे. कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत राहता येतं, पण घरी पैसे पाठवायचे असतील तर कोण राहील?

सारखीच पुस्तकं, सारखेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सांगितलं होतं. पन्नास वर्षं उलटली तरी परीक्षेच्या खोलीत ते पोचलेलं नाही.

मी स्वतः सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतली. अकरावी सायन्सला पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात नापास झाले, कारण 'घनता' येत होती, 'डेन्सिटी' येत नव्हती. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हे सोसलंय. पण आमचं फक्त माध्यम बदललं होतं. घर, गाव, आईच्या हातची भाकरी सगळं जागच्या जागी होतं. ते आठवून तरी आपण या मुलांना 'दर्जा घसरवणारे' म्हणू नये.

नव्या पद्धतीत मुलांना प्रकल्प, सादरीकरण यांतूनही आपलं ज्ञान दाखवता येईल. त्याचं मी मनापासून स्वागत करते. पण माझी आत्ताची मुलं त्याआधीच शाळा संपवणार, त्यांना जुनीच अट लागू. नेपाळचा मुलगा जानेवारीत रीजेंट्सला पुन्हा बसतोय. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना नेपाळी, बांगला किंवा स्पॅनिश येतं, त्यांनी जवळच्या सरकारी हायस्कूलमध्ये जाऊन 'शनिवारी दोन तास देतो' एवढं सांगावं, ही कळकळीची विनंती.

– एक मराठी शिक्षिका, क्वीन्स, न्यूयॉर्क