फ्रेंच विद्यार्थ्यांना 'गेट' शिकवताना

लिऑन

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या ऑनलाइन वर्गातली फ्रेंच मंडळी इंग्रजीतल्या 'गेट' या क्रियापदापाशी अडतात, असं दादाने कळवलं. शब्दकोशातले अर्थ पाठ करायला देऊ नका, ऐन वेळी एकही आठवत नाही. 'गेट'च्या पुढे काय येतं, तेवढंच बघायला लावा.

पुढे नाम असेल तर काहीतरी मिळतं किंवा होतं: पत्र, व्हिसा, सर्दी. फ्रेंचमध्ये यांना रसव्वार, ऑब्तनीर, अत्रापे अशी वेगळी क्रियापदं आहेत. गंमत अशी, की 1066 नंतर नॉर्मन राजवटीमुळे फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अराइव्ह' त्यातलेच. 'गेट' मात्र स्कँडिनेव्हियाकडून आलेला. म्हणून फ्रेंच माणूस ओळखीचा शब्द धरतो आणि 'आय ऑब्टेन्ड अ कॉफी' म्हणतो. व्याकरणात खोट नाही, पण सरकारी अर्ज वाचल्यासारखं वाटतं. खोडू नका, बोलताना 'गॉट' म्हणा, एवढंच सांगा.

पुढे विशेषण आलं की बदल: 'गेट ओल्ड', 'गेट अँग्री'. इथे ते 'दव्नीर', म्हणजे 'बिकम', शोधत बसतात. त्यांच्याकडे व्येयीर (म्हातारं होणं), स फाशे (रागावणं) अशी सुटी क्रियापदं आहेतच, आपल्या थकणं-रागावणंसारखी. त्यांच्याशीच जोड्या लावून द्या. जागा आली तर पोहोचणं: 'गेट टु पॅरिस', पण 'गेट होम', 'गेट देअर'. तिथे 'टु' हमखास घुसतो.

खरी गाठ 'करून घेणं' या अर्थाची. फ्रेंचमध्ये 'फेर' आणि पुढचं क्रियापद लगटून असतात, वस्तू नंतर येते. इंग्रजीत वस्तू मध्ये शिरते: 'आय गॉट माय कार रिपेअर्ड'. पुस्तकं केस कापण्याचं उदाहरण देतात, ते टाळा. 'कट'ची तिन्ही रूपं सारखीच, त्यामुळे तिथे कृदंत लागतं हे दिसतच नाही. क्रम जमेना की विद्यार्थी 'आय रिपेअर्ड माय कार' म्हणून मोकळा होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, यानेच पाना हातात घेतला. माणसाकडून करवून घेतलं तर 'आय गॉट हिम टु रिपेअर इट'. 'फेर' म्हणजे 'मेक' हे डोक्यात पक्कं असतं आणि 'मेक'नंतर 'टु' येत नाही, म्हणून इथलाही 'टु' गळतो.

'आय हॅव गॉट अ कार' वेगळं काढून शिकवा. त्यांचा रोजचा भूतकाळ 'हॅव' आणि कृदंत अशाच बांधणीचा, त्यामुळे ते 'मिळाली' समजतात. अर्थ मात्र 'आहे'. अमेरिकेत 'मिळाली'साठी 'गॉटन' म्हणतात.

'गेट अप', 'गेट ओव्हर' वगैरे पहिल्या महिन्यात नकोच. फक्त 'गेट ऑन द बस' आणि 'गेट इन द कार' घ्या: आत उभं राहून चालता येतं तिथे 'ऑन', वाकून बसावं लागतं तिथे 'इन'. तेवढ्यावर बरंच निभावतं.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
विनू