देवनारला जाण्याआधी आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा म्हणाले, "एवढं शिकून आता फायली सांभाळणार?" आणि आई गप्प राहिली. ती गप्प झाली की मला पुढचं बोलताच येत नाही, म्हणून लिहिते आहे. एमडीची जागा न घेता मी मुंबईला, देवनारच्या 'टिस'मध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनला, म्हणजे रुग्णालय चालवण्याच्या शिक्षणाला, प्रवेश घेतला, तो रागाने किंवा कंटाळून नाही.

आमच्या लेबर रूमची गोष्ट सांगते. बाळ झालं की मिनिटाच्या आत बाळंतिणीला ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. त्याने गर्भाची पिशवी आकसते, रक्त कमी जातं. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. आमच्याकडे ते उन्हाळाभर लेबर रूमच्या कपाटात असायचं. फ्रिज होता, पण स्टोअरमध्ये, कुलपात. किल्ली फार्मासिस्टकडे आणि ते संध्याकाळी घरी. रात्रपाळीच्या सिस्टरने करायचं काय? रक्तस्राव थांबेना की धावाधाव, 108 ला फोन, जिल्ह्याला रेफर. आई, तू म्हणतेस माझ्या हाताला गुण आहे. पण औषधच उन्हाने निकामी झालं असेल तर हाताचा गुण किती पुरणार गं?

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, फ्रिज इकडे आणून द्या, बाकी आम्ही बघतो." रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून लहान फ्रिज आला. दारावर तक्ता लावला, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं. महिनाअखेरीस पाहिलं तर सगळ्या रकान्यांत एकाच पेनाने 4. रागावून उपयोग नव्हता. थर्मामीटर बघितला, तो आत मागच्या कोपऱ्यात होता. गुडघे टेकून वाकल्याशिवाय आकडा दिसत नव्हता. तीन प्रसूती एका वेळी चालू असताना कोण वाकणार? तो पुढे, डोळ्यांसमोर आणला आणि खरे आकडे यायला लागले: 6, 7, मग एकदा 11. त्या 11 मुळे दाराचं रबर गेलेलं कळलं. आता सिस्टर माझ्यावाचून हे सगळं चालवतात. बाई कळा द्यायला लागली की भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार असते.

सरकारचा 'लक्ष्य' कार्यक्रम 2017 पासून आहे. लेबर रूम कशी असावी, हे त्यात नीट लिहिलेलं आहे. ते रात्री दोन वाजता, दोनच सिस्टर ड्यूटीवर असताना कसं जमवायचं, हे मात्र तिथे उभं राहूनच शोधावं लागतं. मला ते शिकायचं आहे: पैसा कुठून येतो, माणसं कशी जोडायची, आकडे कसे वाचायचे.

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून सांगते. आफ्रिकेतल्या चार देशांत 80 रुग्णालयांत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर केलेला एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. नवं औषध एकही नव्हतं. गेलेलं रक्त अंदाजाने न सांगता मापाच्या पिशवीत मोजायचं आणि माहीत असलेले उपचार एकामागून एक न करता एकदम सुरू करायचे. त्याने गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोट उघडावं लागणं आणि मृत्यू, हे सगळं मिळून 60 टक्क्यांनी कमी झालं. या कामाला मी फायली कसं म्हणू?

आणि आरोळे पती-पत्नी तुम्हीच मला लहानपणी सांगितलेत. दोघं चांगले डॉक्टर, तरी 1970 साली जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं काम उभं करण्याआधी ते अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आले. रोग्यांना तपासणं त्यांनी सोडलं नाही, मीही सोडणार नाही. फक्त माझ्या पाळीला न आलेली बाईसुद्धा सुखरूप घरी जावी, एवढं मला हवं आहे.

पगार खासगीपेक्षा कमी असेल, हे खरं. काकांना काय सांगायचं ही तुमची अडचणही कळते; त्यांना मीच फोन करीन.

बाबा, खालचा गाळा माझ्या दवाखान्यासाठी रिकामा ठेवला आहे. मी सरकारी रुग्णालयातच काम करणार, तेव्हा तो भाड्याने द्या. शेजारचे मेडिकलवाले विचारत होते, त्यांना होकार कळवा. आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. तारीख मिळाली की सांगा, मी येते.

तुमची लेक