खाटा मोजण्याआधी माणसं मोज

लेस्टर, इंग्लंड

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

तू काढायचं म्हणतोस त्या शुश्रूषागृहासाठी पाहिलेल्या, सांगलीच्या विश्रामबागेतल्या घराचा नकाशा मिळाला. बारा खाटा बसतात खऱ्या, पण आधी माणसं मोज. सकाळी तीन, दुपारी तीन, रात्री दोन मावशी-मामा (रुग्णांची देखभाल करणारे) धरले तर रोजच्या 8 पाळ्या, आठवड्याच्या 56. एक माणूस आठवड्याला 6 करतो. म्हणजे दहा जण, आणि रजा, आजारपण, गावची जत्रा धरली की बारा. नर्स वेगळ्या. महिन्याला किती पैसे घ्यायचे ते यावरून काढ.

हॉस्पिस (शेवटच्या आजारातल्या रुग्णाची शुश्रूषा) आणि डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) एका हिशेबात घालू नकोस. डिमेन्शियाचा माणूस वर्षानुवर्षं राहतो, त्याचा खर्च आधी बांधता येतो. हॉस्पिसचा रुग्ण पुष्कळदा थोड्याच आठवड्यांचा. इथली बहुतेक हॉस्पिस धर्मादाय आहेत. सिसिली सॉन्डर्सबाईंनी 1967 साली लंडनला काढलेलं सेंट ख्रिस्तोफर्सही तसंच. सरकारकडून साधारण तिसरा हिस्सा येतो, बाकी देणग्या आणि जुन्या वस्तूंची दुकानं. त्यातून नफा काढायला गेलास तर औषधात काटकसर सुरू होईल. तेव्हा घर डिमेन्शियासाठी ठेव आणि हॉस्पिस गाडीवर चालव: एक नर्स, ठरलेल्या वारी डॉक्टर, मिरज-तासगावकडच्या घरी जाऊन.

मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाची, सोय मात्र पहिली. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवणं सोपं झालंय. पण प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळीगोळीची नोंद लागतेच. साधी गोळी दर 4 तासांनी घड्याळ बघून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर बहुधा 2.5 ते 5 मिलिग्रॅमवर सुरू करतात. पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवसापासून सोबत हवं, नाहीतर पोट असं तुंबतं की रुग्णच गोळी नको म्हणतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर औषध अंगात साठतं. गुंगी वाढली, हातपाय झटकायला लागले की लगेच डॉक्टरांना फोन.

घरात काळी पायपुसणी नकोत, डिमेन्शियात तो खड्डा वाटतो आणि माणूस उंबऱ्यावरच अडतो. संडासाचं दार भिंतीहून वेगळ्या, ठळक रंगाचं कर, आत रात्रभर दिवा. दिवस कलला की कुणीतरी “धारांची वेळ झाली, मला घरी सोडा” म्हणून दाराशी येईलच. म्हशी कधीच विकल्या, हे मावशींनी सांगायचं नाही. म्हैस कुठली, दूध किती देते ते विचारायचं आणि हातात शेंगा द्यायच्या सोलायला. पण कालपर्यंत शांत असलेला माणूस आज एकाएकी बिथरला, तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेलं पोट आणि कुठलं दुखणं, हे तपासून घे. शांत ठेवायच्या गोळ्या अगदी शेवटी: त्यांनी माणूस पडतो, पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो. रात्रपाळीच्या सोयीसाठी त्या देणं मला मुळीच पटत नाही.

गावभागातली जागा स्वस्त मिळतेय म्हणालास. नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. न चालणारे बारा जण बोटीत कसे चढवणार? विश्रामबागेतही जनरेटर आणि औषधांचं कपाट वरच्या मजल्यावर ठेव.

न्हाणीघराच्या दाराची रुंदी नकाशात दिसत नाही. 90 सेंटिमीटर असेल तर चाकाची खुर्ची नीट वळेल. मोजून कळव.

ती. दादा-वहिनींना सा. नमस्कार.

तुझी,
आत्या