दिशा बदलणारी मोटर: सुरक्षितता जोडणीतच हवी

महोदय,

पडदे किंवा खिडक्या फोनवरून उघडता-मिटता याव्यात म्हणून अनेक जण १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसी मोटरी बसवतात. पुरवठ्याची ध्रुवता (धन-ऋण टोके) उलटली की अशा मोटरीची दिशा बदलते. पुष्कळ जोडण्यांत मात्र दोन विरुद्ध दिशांचे रिले (विजेवर चालणारे स्विच) एकदम चालू होऊ न देण्याची जबाबदारी केवळ सॉफ्टवेअरवर सोपवलेली असते, आणि हे मला धोक्याचे वाटते.

त्याऐवजी दोन चेंजओव्हर रिले (एक सामाईक टोक दोन संपर्कांपैकी एकाला जोडणारे) घेऊन प्रत्येकाचे हे सामाईक टोक म्हणजे कॉमन मोटरीच्या एकेका टोकाला, एनसी (रिले बंद असताना जोडलेला) संपर्क ऋणाला आणि एनओ (रिले चालू झाल्यावर जोडला जाणारा) संपर्क धनाला जोडावा. मग दोन्ही रिले चुकून एकाच वेळी चालू झाले तरी मोटरीची दोन्ही टोके एकाच ध्रुवावर येतात आणि शॉर्टसर्किट न होता मोटर थांबते. दिशा उलटवण्यापूर्वी क्षणभर विराम हवाच.

पडदा वा खिडकी शेवटाला पोहोचताच प्रवाह तोडणारे दोन्ही टोकांचे लिमिट स्विचही थेट मोटरीच्या तारेत असावेत आणि प्रत्येकाला समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) असावा, म्हणजे वाय-फाय किंवा नियंत्रक बंद पडला तरी मोटर टोकाला थांबेल व ध्रुवता उलटल्यावर उलट दिशेने परत फिरू शकेल. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, म्हणून योग्य फ्यूज अनिवार्य आहे. उत्पादकांनी ही आकृती माहितीपत्रकात छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक