पडदे लावण्याआधी भिंत पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या घरसजावटीच्या पानांवर ब्लाइंड्सविषयी लेख येऊ लागतात. दांड्यावर गुंडाळणारा रोलर घ्यावा की आडव्या पट्ट्यांचा झेब्रा, कापड कुठले, भिंतीच्या रंगाशी मेळ कसा घालावा. मी ते आवडीने वाचते. पण ज्या घरांसाठी ते लिहिलेले असतात, तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात आणि भिंती ओळंब्यात असतात. गिरगाव, दादर, माटुंग्याच्या जुन्या इमारतींत राहणारी आमच्यासारखी माणसे मुंबईत अजून पुष्कळ आहेत. गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले, ते त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आमची इमारत दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत आहे, 1938 सालची. प्लेगच्या साथीनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखलेली ही वस्ती. आम्ही पागडीचे भाडेकरू, तिसऱ्या मजल्यावर. मी लग्न होऊन 1979 मध्ये या घरात आले. बाहेरच्या खोलीची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. तिच्यावरचा काँक्रीटचा छज्जा दुपारचे डोक्यावरचे ऊन अडवतो, पण चारनंतर ऊन खाली उतरले की छज्जाच्या खालून थेट आत येते. यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना ती तिरीप सोसवेना. म्हणून एप्रिलमध्ये रोलर ब्लाइंड लावायचे ठरवले.

माप घ्यायला दुकानाचा माणूस आला. त्याने खिडकीची रुंदी मधोमध एकदाच मोजली, कापडाचे नमुने दाखवले आणि गेला. दहा दिवसांनी बसवायला दुसरा मुलगा आला, विशी-बाविशीचा. त्याला त्या दिवशी आणखी पाच घरे करायची होती. त्याने शिडी लावली, खिडकीच्या वर ड्रिल टेकवले आणि हॅमरवर चालू केले. दुसऱ्या भोकाला प्लास्टर आणि त्यामागचे काँक्रीट सुटून खाली आले. डब्याच्या झाकणाएवढा तो तुकडा शिलाई मशीनवर पडला. यजमान पाच मिनिटांपूर्वी तिथेच बसले होते. वर पाहिले तर गंजून पापुद्रे सुटलेली सळई उघडी पडली होती. तो मुलगा थरथरत होता. मी त्याला आधी बसवून पाणी दिले. चूक त्याची नव्हती. ती भिंत 1938 ची आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

नंतर आमच्या ओळखीच्या, वस्तीतल्याच एका निवृत्त इंजिनिअरांनी मला समजावून सांगितले. आमच्याकडे छज्जा आणि लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी तुळई, एकसंध ओतलेले आहेत. पश्चिमेचा पाऊस वर्षानुवर्षे छज्जावर पडतो, ओल मुरत जाते, सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगते आणि सळईला समांतर तडा जातो. वरून रंग दिलेला असतो, म्हणून काही दिसत नाही. अशा ठिकाणी हॅमर ड्रिलचे दणके बसले की आधीच सुटलेला भाग निखळतो. रोलरचे वजन चार-पाच किलोसुद्धा नसेल. प्रश्न वजनाचा नव्हता, भोक कुठे पाडले याचा होता.

यातली मला सर्वांत लागलेली गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी आम्ही भाडेकरूंनी वर्गणी काढून इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करून घेतले होते. तीस वर्षांवरच्या इमारतींना ते करून घेणे महापालिका कायद्याच्या 353-ब कलमाने बंधनकारकच आहे. त्या अहवालात पश्चिमेकडच्या लिंटेलांविषयी स्पष्ट लिहिलेले होते. अहवाल कुठे होता? चिटणिसांच्या कपाटात. मी स्वतः वर्गणी दिली होती, सही केली होती आणि तो एकदाही उघडून पाहिला नव्हता. भोक पाडण्याआधी पाहायचा कागद इमारतीतच होता.

लिंटेलची दुरुस्ती झाली. गंज घासून सळईला लेप दिला, पॉलिमर घातलेल्या गिलाव्याने भाग भरला. मग आमच्या जुन्या सुतारांना बोलावले. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी भिंतीला हात लावण्याआधी अर्धा तास नुसती खिडकी पाहिली. बोटांच्या पेरांनी भिंतीवर टकटक करत गेले. टणक आवाज येतो तिथे प्लास्टर धरून आहे, बद्द आवाज येतो तिथे सुटले आहे. बद्द जागांवर त्यांनी पेन्सिलीने फुल्या मारल्या. आमच्या सात फुटांच्या भिंतीवर अकरा फुल्या झाल्या.

मग माप. वर 50 इंच, मध्ये 49 इंच 5 सूत, खाली 50 इंच 2 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिरके दोन्ही कर्ण मोजले तर पाऊण इंचाचा फरक. खिडकी गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नाही, आणि 85 वर्षांनंतर ती असावी अशी अपेक्षाही नाही. चौकटीच्या आत ब्लाइंड बसवायचा असेल तर तिन्ही मापांतले सर्वांत लहान धरायचे आणि त्यातूनही तीन-चार सूत सोडायचे, नाहीतर दांडा अडकतो. दुकानाने मधले एकच माप घेतले होते, ते योगायोगाने सर्वांत लहान निघाले, एवढेच. शिवाय रोलरचे कापड दांड्यापेक्षा अरुंद असते. आत बसवला तर दोन्ही बाजूंनी उन्हाची फट राहते, आणि ज्याच्या डोळ्यांसाठी हे सगळे करायचे त्याला नेमकी तीच फट टोचते. म्हणून आम्ही चौकटीच्या बाहेरून, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जास्तीचा रोलर घेतला. पहिला परत करता आला नाही, तो आता आतल्या लहान खोलीत आहे.

बसवण्याचा मार्गही सुतारांनी दाखवला, आणि जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा असे मला मनापासून वाटते. भिंतीत भोक पाडायचेच नाही. आमची चौकट सागवानी आहे, पाच इंच रुंद. गिरमिटाने बारीक भोक घेऊन पितळी स्क्रू पिळला की सागवान तो सोडत नाही. समुद्राच्या हवेत साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत तांबडे होतात, म्हणून पितळी किंवा स्टेनलेस. चौकट रुंद नसेल तर एक लाकडी पट्टी खिडकीपेक्षा लांब घ्यावी, ती भिंतीच्या चांगल्या जागा निवडून बसवावी आणि ब्लाइंडचे ब्रॅकेट पट्टीला लावावेत. म्हणजे कंपनीच्या ब्रॅकेटसाठी नेमक्या वाईट जागी भोक पाडण्याची वेळ येत नाही.

भिंतीतच जावे लागले तर हॅमर बंद ठेवावा आणि बाहेर येणाऱ्या भुकटीकडे पाहावे. पांढरी आली तर ड्रिल अजून चुन्यात आहे, लाल आली तर विटेत, करडी आली तर काँक्रीट, तिथे थांबावे. जुना गिलावा जाड असतो, आमच्याकडे इंचाहून जास्त. ब्लाइंडसोबत मिळणारी छोटी गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरणारी खुंटी) आणि दीड इंची स्क्रू जेमतेम गिलाव्यापुरतेच जातात. ते महिनाभर धरतात आणि एक दिवस सगळे खाली येते. तीन इंची स्क्रू आणि लांब गिट्टी विटेपर्यंत पोहोचते.

कापडाबद्दल थोडेसे. आतला कुठलाही पडदा उजेड अडवतो, पण ऊन काचेतून आत आलेलेच असते, त्यामुळे खोली तापते. मागची बाजू पांढरी असेल तर थोडा फरक पडतो. खरी सावली काचेच्या बाहेर मिळते. आमच्या खिडकीला तिरप्या पट्ट्यांच्या झिलमिली होत्या. 1996 मध्ये आम्हीच त्या काढून माळ्यावर टाकल्या, धूळ बसते म्हणून. सुतारांनी त्यातली एक जोडी उतरवून, चार पट्ट्या बदलून पुन्हा बसवली. मे महिन्यात पाच वाजता झिलमिली लावली की वारा येतो, ऊन येत नाही. रोलर आता फक्त संध्याकाळी उतरतो. ज्यांच्या घरी झिलमिली अजून शाबूत आहेत त्यांनी नूतनीकरणाच्या भरात त्या भंगारात देऊ नयेत. शेजारच्या इमारतीत बांबूच्या चिका, म्हणजे काड्यांचे पडदे, आहेत. त्याही चांगल्या, पण मृगाच्या आधी गुंडाळून आत घ्याव्या लागतात, नाहीतर बुरशी धरते आणि वाऱ्यात सुटून रस्त्यावर पडण्याची भीती.

रोलरच्या साखळीचा खालचा फास मोकळा लोंबू देऊ नये. तो भिंतीला अडकवायचा प्लास्टिकचा क्लिप डब्यात असतो, बसवणारे तो बहुधा लावत नाहीत. माझा नातू तीन वर्षांचा आहे. तो आला की सर्वांत आधी खिडकीपाशी धावतो. अमेरिकेत याच कारणासाठी 2018 च्या डिसेंबरपासून त्या उद्योगाच्या मानकाने दुकानात तयार मिळणाऱ्या ब्लाइंड्सवरून लोंबत्या दोऱ्या हटवल्या. आपल्याकडे निदान तो क्लिप लावल्याशिवाय कारागिराने घर सोडू नये.

माझी विनंती आपल्या वाचकांपैकी ब्लाइंड्स विकणाऱ्यांना आहे. माप घ्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याने इमारतीचे साल विचारावे आणि भिंत वाजवून पाहावी. पाच मिनिटे जास्त लागतील. आणि जुन्या इमारतींच्या चिटणिसांना विनंती की ऑडिट अहवालातली प्रत्येक घरापुरती पाने त्या त्या घरात द्यावीत. आमच्या इमारतीत हे आता झाले आहे. अठरा घरांना त्यांची पाने दिली, आणि फुल्यांचा नकाशा मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. परवा एसीवाला आला, तेव्हा आधी त्याला तो दाखवला. त्याने ब्रॅकेट दीड फूट डावीकडे सरकवला.

आपली,
एक वाचक, हिंदू कॉलनी, दादर (पूर्व), मुंबई