आई, गुडघा बरा आहे

आई, बाबा, साष्टांग नमस्कार.

आधी गुडघ्याचं सांगतो, नाहीतर तू पुढचं काही वाचणारच नाहीस. बरा आहे. खपली धरलीय, जिना चढताना थोडं ओढल्यासारखं होतं, बाकी काही नाही. आणि चिऊने फोटो झूम करून तुला जे दाखवलं ते सगळं रक्त नव्हतं गं, अर्धं आयोडिन होतं. कॉलवर तू एकदम फोन बाबांच्या हातात दिलास म्हणून नीट लिहून काढतोय.

तर रविवारी सायकल घेऊन फोंडलपार्कात गेलो होतो. ॲमस्टरडॅममधली ही सगळ्यात गजबजलेली बाग, ४७ हेक्टर, म्हणजे बाबा, आपल्या हिशोबात ११६ एकर. १८६५ला उघडली, मग दोन वर्षांनी आत फोंडल नावाच्या जुन्या कवीचा पुतळा बसवला आणि लोक बागेलाच कवीचं नाव घ्यायला लागले. आजीला सांगा हे, तिला आवडेल. मी सव्वा वर्ष रोज बागेच्या गेटवरून ऑफिसला जातोय पण आत पूर्ण चक्कर कधी मारली नव्हती, रविवार कपडे धुण्यात आणि झोपण्यात जातो.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. ही बाग खाली खचते. खरंच. खाली सगळी दलदलीची भुसभुशीत माती, आजूबाजूची घरं लाकडी खांब खोल ठोकून त्यावर उभी आहेत त्यामुळे ती जागच्या जागी आणि बाग मात्र हळूहळू खाली चाललीय. गेटमधून आत शिरताना सायकल आपोआप उताराला लागते तेव्हा कळतं. मग पाणी साचतं, झाडांची मुळं कुजतात, रस्ते वेडेवाकडे होतात, की परत भराव आणि परत निचऱ्याचं काम. शेवटचं मोठं काम १९९९ ते २०१० चाललं. अकरा वर्षं! तुम्ही बांधकाम खात्यात असताना कुठल्या ठेकेदाराने एवढी लावली असती तर तुम्ही त्याला केबिनमध्ये उभं केलं नसतंत. पण काम बघाल तर मान्य कराल, मी रस्त्याच्या कडेला वाकून बघितलं, पाऊस थांबून तासही झाला नव्हता तरी कुठे डबकं नाही. तळ्याच्या काठाला राखी बगळे माणसांना न घाबरता उभे, मी दोन हातांवरून गेलो तरी एकाने मानसुद्धा वळवली नाही.

आता पडलो कसा ते. माझी सायकल सेकंडहँड, तिला हाताला ब्रेकच नाहीत, पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. इथल्या बऱ्याच सायकली तशाच. आणि आपली सवय काय, वेग आला की पाय सैल सोडून पायडल उलटं फिरवत कर्र कर्र करत जायचं. एवढ्या दिवसांत ती मोडली असं वाटलं होतं. तर तळ्याच्या वळणावर डोक्यावरून कीऽ कीऽ असा ओळखीचा आवाज आला, वर बघतो तर पोपट, आपलेच, हिरवे, लाल चोचीचे, नराच्या गळ्यात ती गुलाबी रेघ, आपल्या पेरूवर येतात अगदी तेच. कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेल्यांची ही पोरंबाळं, आता थंडीतही इथेच राहतात. मी वर बघत राहिलो आणि पाय गेले उलटे. सायकल जागच्या जागी थांबली, मी नाही थांबलो.

हेल्मेटचं म्हणशील तर इथे कुणीच घालत नाही, पोरांना पुढच्या पेटीत बसवून नेणाऱ्या बायकासुद्धा नाहीत. रात्री दिवा नसला तर मात्र दंड होतो, आणि माझ्या सायकलला पुढे-मागे दोन्ही दिवे आहेत. हेल्मेट मी आणलंय. घालतो का ते विचारू नकोस.

पडल्यावर शेजारी गवतावर एक वाढदिवस चालला होता, त्या लोकांनी उचलून खुर्चीत बसवलं, आयोडिन लावलं, केक दिला. आणि मग जे सुरू झालं ते तुला पूर्ण सांगतो कारण मला अजून नीट पचलं नाहीये. इथे वाढदिवसाला फक्त ज्याचा वाढदिवस आहे त्याचं अभिनंदन करत नाहीत, सगळ्यांचं करतात. म्हणजे समज आपल्याकडे बाबांचा वाढदिवस आहे. आलेला माणूस आधी बाबांशी हात मिळवणार, मग तुझ्याकडे येऊन म्हणणार नवऱ्याबद्दल अभिनंदन, मग आजीला मुलाबद्दल अभिनंदन, चिऊला वडिलांबद्दल, आणि शेजारच्या काकू बसल्या असतील तर त्यांना शेजाऱ्याबद्दल. गोल खुर्च्या मांडलेल्या असतात आणि नवीन माणूस आला की अख्खा गोल परत फिरतो. मी केकची प्लेट मांडीवर धरून बसलोय, गुडघ्यातून पाणी येतंय, आणि एका आजोबांनी येऊन माझाही हात धरून अभिनंदन केलं. कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नसावं. मी थँक्यू म्हणालो, काय करणार.

ऑफिसात चिऊच्या साखरपुड्याचं बोललो तर तिथेही तेच, दिवसभर जो तो येऊन म्हणतोय बहिणीबद्दल अभिनंदन. अकरा जणांनी केलं. मी मोजले.

ते आता लिहून टाकतो. साखरपुड्याला मला जमत नाहीये. लग्नाला आधीच तीन आठवडे मागितलेत, त्याच्यावर आणखी चार दिवस नाही म्हणाले, मी दोनदा विचारलं. चिऊला तू सांग, नाही, तू नको सांगूस, मीच शनिवारी फोन करतो. तिला म्हणावं फोन उचल. व्हिडिओवर मी असेनच, फक्त फोन मामाच्या हातात देऊ नका, तो पूर्ण वेळ स्वतःचा अंगठा दाखवतो.

हॉलच्या ॲडव्हान्सचे दीड लाख सोमवारी टाकलेत, दोन दिवसांत दिसतील. बाबा, मागच्या वेळेसारखे परत पाठवू नका, मला इथे कमी पडत नाही, खरंच नाही.

कऱ्हाडच्या स्थळाचं, आई, चिऊचं होऊ दे आधी. फोटो बघितला. मुलगी चांगली आहे, मी नाही म्हणत नाहीये, आत्ता हो पण म्हणत नाहीये. त्यांना तोंडावर पाडू नकोस एवढंच.

आणि पडवीतली सायकल भंगारवाल्याला द्यायची म्हणत होतात ती देऊ नका. चेनला तेल घालून ठेवा, मी आलो की टायर बदलतो.

तुमचा,
बाळू

ता.क. चिऊला लग्नात मला लंगडा म्हणायचं नाही अशी आत्ताच ताकीद दे.